होडीचा खुष्कीचा प्रवास

होडी पाण्यावर चालते हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ती पाण्यापर्यंत पोहोचते कशी, याचा विचार फार थोडे लोक करतात. नदीकाठी बांधलेल्या आणि नदीतच राहणाऱ्या होडीपुढे हा प्रश्न उभा राहत नाही. ज्या होडीला आज एका तलावावर आणि उद्या दुसऱ्या नदीवर जावयाचे असते, तिला मात्र आयुष्याचा बराचसा भाग जमिनीवर, दोन चाकांच्या ट्रेलरवर आणि एखाद्या मोटारीच्या मागे काढावा लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा मदतीच्या होड्या बाहेरून आणाव्या लागल्या. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरच पाणी आल्याने तो काही दिवस बंद होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, नर्मदेला मोठा पूर आला आणि तिच्या काठच्या होशंगाबादेत, म्हणजे २०२२ पासून नर्मदापुरम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, पाणी शिरले. हवेची रबरी होडी घडी करून मालमोटारीत टाकता येते. लाकडाची, पत्र्याची किंवा काचतंतूची ताठ होडी मात्र ओढूनच न्यावी लागते. वाटेत ट्रेलर उलटला तर ती होडी कोणाच्याही उपयोगी पडत नाही, आणि मागून येणाऱ्या निरपराध वाटसरूचा जीव मात्र धोक्यात येतो. म्हणून होडी सुरक्षितपणे ओढून नेणे ही विद्या पोहण्याइतकीच शिकण्याजोगी आहे. तिच्या मुळाशी शालेय पदार्थविज्ञानातील चारपाच नियमांपेक्षा अधिक काही नाही.

ओढण्याची विद्या आणि जबलपूर

जबलपूर शहराच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रातून निघून बरगीच्या जलाशयाकडे जाणाऱ्या एका होडीची कल्पना करू. नर्मदेवरील बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये पूर्ण झाले. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या या धरणामागे सुमारे ७५ किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील जमिनी त्याने व्यापल्या. त्याच्या काठच्या वस्त्यांना मासेमारीसाठी आणि पैलतीरी जाण्यासाठी होडीवाचून गत्यंतर नाही.

एखादी वस्तू गाडीमागे जोडून नेण्याची कला या शहराला नवी नाही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभारण्यात आला. घोड्यांनी ओढावयाच्या तोफेचे मागचे टोक एका दुचाकी पुढाडगाडीच्या आकड्यात अडकवीत असत, आणि तोफेचा काही भार त्या आकड्यावर पडेल अशीच तिची मांडणी असे. पुढे याच कारखान्यात १९५९ पासून मान या जर्मन कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन-निर्माणी स्थापन झाली. तेथे तयार होणाऱ्या ‘जोंगा’ या लष्करी गाडीच्या नावातील पहिले अक्षर जबलपूरचेच होते. एप्रिल २०१९ मध्ये सैन्याच्या स्वाधीन झालेली ‘धनुष’ तोफ याच तोफगाडी कारखान्यातील, आणि तीही वाहनामागे ओढून नेण्याची तोफ आहे. तेरा टनांची तोफ असो वा पाऊण टनाची होडी, आकड्यावरच्या भाराचा नियम दोहोंना एकच.

उलाळ आणि धुरजड

हा नियम आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत मागच्या बाजूस अधिक माल भरला की जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातील जोते आवळतात, आणि गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. उलटपक्षी पुढे फार माल भरला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो आणि गाडी ‘धुरजड’ होते. कुशल गाडीवान माल असा रचतो की जुवावर थोडासा, पण निश्चित भार राहावा. होडीच्या ट्रेलरलाही हेच लागू पडते. येथे बैलांच्या मानेची जागा मोटारीमागचा आकडा घेतो, एवढाच काय तो फरक.

ट्रेलर ही एक तरफ आहे. चाकांचा आस हा तिचा टेकू होय. होडी, तिचे यंत्र, सामान आणि खुद्द ट्रेलर या सर्वांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो. तो आसाच्या थोडा पुढे असेल तर आकड्यावर खालच्या दिशेने भार पडतो. आसाच्या मागे गेला तर ट्रेलर आकडा वर उचलू पाहतो. आकड्यावरील हा उभा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हा नियम शाळेत सहज पडताळून पाहता येईल. अर्धा मीटर लांबीची एक हलकी पट्टी घ्यावी. तिचे एक टोक स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टेकवावे आणि त्या टोकापासून ४० सेंटीमीटर अंतरावर तिच्याखाली एक पेन्सिल आडवी ठेवावी. पट्टी सपाट राहण्यासाठी पेन्सिलीखाली काट्याच्या उंचीइतकी पुस्तके ठेवावीत. काटा शून्यावर आणून ८०० ग्रॅमचे वजन पेन्सिलीच्या पुढे, म्हणजे काट्याच्या बाजूस, ४ सेंटीमीटर अंतरावर ठेवावे. काटा ८० ग्रॅम दाखवील. कारण ८०० ला ४ ने गुणून ४० ने भागले असता ८० येतात. तेच वजन पेन्सिलीच्या मागे सरकविताच पट्टीचे टोक काट्यावरून उचलले जाईल. बैलगाडीची उलाळ ती हीच.

एका होडीचा हिशेब

आता खरा हिशेब मांडू. समजा, होडीचे वजन ४०० किलो, तिच्या पिछाडीस बसविलेल्या यंत्राचे १०० किलो, ५० लिटर पेट्रोलचे सुमारे ३७ किलो, दोर, नांगर, बॅटरी व जीवरक्षक जाकिटे मिळून ६३ किलो, आणि ट्रेलरचे २०० किलो आहे. ही बेरीज ८०० किलो होते. आकड्यापासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर धरले, आणि गुरुत्वमध्य आसाच्या ४० सेंटीमीटर पुढे असला, तर आकड्यावर ८० किलोंचा भार पडेल. हा योग्य भार होय.

अशा होडीला ओढणारी गाडी बहुधा लहानशी पिकअप असते. २००५ मध्ये टाटा मोटर्सने आणलेली आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून डोक्यावर घेतलेली गाडी ही या वर्गाची प्रसिद्ध प्रतिनिधी. तिच्याहून थोड्या मोठ्या पिकअपही गावोगाव दिसतात. परंतु गाडीच्या पाठीवर जेवढा माल लादता येतो तेवढा तिच्यामागे ओढताही येतो, असे समजणे चूक आहे. या दोन मर्यादा भिन्न आहेत. ओढण्याची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावी. तेथे ती दिलेलीच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी बनविलेली नाही असेच मानावे. शिवाय आकड्यावरचा भार हा गाडीवर लादलेल्या मालातच धरावयाचा असतो.

त्या भाराचा परिणाम केवळ मागच्या चाकांवर होतो असेही नाही. आकडा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आणि गाडीच्या दोन्ही आसांमधील अंतर २.४ मीटर असेल, तर आकड्यावरील ८० किलोंमुळे मागच्या आसावर १२० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरील ४० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे सुकाणू सैल वाटू लागते. म्हणून भार अतिशय कमी नको, तसा अतिशय अधिकही नको.

आता पावसाळ्याचा विचार करावा. होडी उघडी ठेवली आहे, तिचा तळ सुमारे ५ चौरस मीटर आहे आणि रात्रीतून २० मिलिमीटर पाऊस पडला. होडीत १०० लिटर, म्हणजे १०० किलो पाणी साचले. सकाळी गाडी चढावर लागताच हे पाणी पिछाडीकडे धावले आणि आसाच्या २ मीटर मागे जमा झाले. १०० ला २ ने गुणून ४ ने भागले, तर आकड्यावरचा भार ५० किलोंनी घटल्याचे दिसेल. एकूण वजन ९०० किलो झाले, आणि आकड्यावर उरले अवघे ३० किलो; दहाव्या हिश्श्याऐवजी तिसावा हिस्सा. कोणी काहीही हलविले नाही, कोणी काहीही चढविले नाही, तरी गाडी उलाळ होण्याच्या बेतात आली. म्हणूनच रस्त्यावर असताना होडीच्या बुडाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकाची गुडदी काढून ठेवतात. अर्थात पाण्यात उतरविण्यापूर्वी ती आठवणीने बसवावयास हवी. एरवी त्याच भोकातून जलाशय होडीत शिरेल.

ट्रेलर डोलू लागतो तेव्हा

सपाट, सरळ रस्त्यावर एखादी मोठी बस वेगाने शेजारून जाते, तिच्या हवेचा झोत होडीला बसतो आणि ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागतो. घड्याळाचा लंबक बाजूस ओढून सोडला की हळूहळू स्थिरावतो, त्याप्रमाणे हे दोलनही रस्ता व टायर यांच्यामधील घर्षणामुळे मंदावून थांबते. परंतु वेग जसजसा वाढतो तसतशी दोलन शमविण्याची ही शक्ती क्षीण होत जाते. प्रत्येक गाडी-ट्रेलरच्या जोडीला वेगाची अशी एक सीमा असते की तिच्यापलीकडे दोलन कमी न होता प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढते, आणि अखेर ट्रेलर गाडीलाही आपल्यासोबत रस्त्याबाहेर ओढून नेतो.

ही सीमा कोठे असेल हे पुष्कळ अंशी माल भरणाऱ्याच्या हाती असते. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असेल तर सीमा वर जाते. मागे सरकला तर ती खाली येते, आणि नेहमीचा साधा वेगही धोक्याचा ठरतो. त्याचप्रमाणे जड वस्तू दोन्ही टोकांस विखुरण्यापेक्षा आसाजवळ एकत्र ठेवल्यास दोलन लवकर शमते. यास्तव नांगर, बॅटरी व सुट्या टाक्या मध्यभागी, आसाच्या किंचित पुढे ठेवून बांधाव्यात.

दोलन सुरू झालेच तर वेग वाढवून ते ‘सरळ’ करण्याचा मोह होतो. तो घातक आहे. ब्रेक जोराने दाबल्यास मागून ट्रेलर गाडीला ढकलतो, आणि सुकाणू उलटसुलट फिरविल्याने हेलकाव्यास नवे बळ मिळते. सुकाणू सरळ धरून, वेगवर्धकावरचा पाय हळूच काढून गाडीला आपोआप मंद होऊ देणे, हा त्यावरचा उपाय होय. मग रस्त्याकडेला थांबून सामान पुन्हा रचावे.

थांबण्यास लागणारे अंतर

धावत्या वस्तूच्या ठायी असलेली गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२०० किलोंची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात सुमारे १ लाख ६७ हजार जूल ऊर्जा असते. मागे ८०० किलोंचा ट्रेलर जोडला म्हणजे ती २ लाख ७८ हजार जूलपर्यंत जाते. ही सर्व ऊर्जा ब्रेकांनी उष्णतेच्या रूपाने विसर्जित करावयाची असते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे ओझे पिकअपच्या ब्रेकांवरच पडते. ज्या ब्रेकांनी एकटी पिकअप २३ मीटरांत थांबते, त्यांनाच जोडगाडी थांबविण्यास सुमारे ३९ मीटर लागतील. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर त्या अवधीत गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ४० मीटरांऐवजी सुमारे ५६ मीटर. ओला रस्ता असल्यास हे अंतर याहून वाढेल.

परंतु याच गणितात दिलासाही आहे. तीच जोडगाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालविली, तर तिची ऊर्जा १ लाख २३ हजार जूल एवढीच राहते, म्हणजे साठच्या वेगाने धावणाऱ्या एकट्या पिकअपपेक्षाही कमी; आणि ती सर्व मिळून २८ मीटरांत थांबते. वेग एकतृतीयांशाने घटविला, तर अंतर निम्म्यावर येते. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात यामुळे वीस मिनिटे अधिक लागतील, एवढीच त्याची किंमत.

जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणेच इष्ट. युरोपातील नियमांनुसार ७५० किलोंहून अधिक क्षमतेच्या ट्रेलरला ते आवश्यकच असतात. त्यांतील एका प्रकाराची रचना मोठी चतुर आहे. पुढची गाडी मंदावली की जडत्वामुळे ट्रेलर तिच्यावर रेटतो; या रेट्याने जोडातील दांडा मागे सरकतो आणि तोच दांडा ट्रेलरचे ब्रेक लावतो. जो रेटा धोक्याचा, त्यालाच येथे कामाला जुंपले आहे.

जोड, साखळी आणि दोर

ट्रेलरचा जोड म्हणजे गाडीवरील एक पोलादी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. युरोपीय मापाचा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो, तर अमेरिकी दोन इंची गोळा ५०.८ मिलिमीटरचा. हा फरक एका मिलिमीटरहूनही कमी आहे; तथापि मोठ्या वाटीत लहान गोळा बसवल्यास खड्ड्यातील एखाद्या हिसक्याने वाटी निसटू शकते. गोळ्यावर व वाटीवर कोरलेली मापे ताडून पाहावीत.

जोड निसटलाच तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन साखळ्या लावतात. त्या दांड्याखाली एकमेकींना छेदून फुलीसारख्या बांधतात, म्हणजे दांडा रस्त्यावर न आपटता झोळीत पडावा तसा साखळ्यांवर पडतो. वळणे घेता येतील एवढीच ढील त्यांना द्यावी; त्या जमिनीवर घासता कामा नयेत.

होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ट्रेलरच्या चरकाच्या पट्ट्याने आवळतात. पण तेवढ्यावर विसंबू नये. नाळेस एक वेगळी साखळी आणि पिछाडीस दोन्ही बाजूंनी पट्टे हवेतच. नवा दोर ताणला की लांबतो, आणि खडबडीत रस्त्यावर होडी थोडी बसते. म्हणून पहिल्या पाचसात किलोमीटरांनंतर थांबून सर्व बांधणी पुन्हा आवळावी. मागचे दिवे व दिशादर्शक पेटतात की नाही तेही तेव्हाच पाहावे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसला पाहिजे, हे विसरू नये.

तापलेले चाक, थंड पाणी

प्रवास निर्विघ्न संपला आणि जलाशय समोर दिसू लागला, की ट्रेलर तसाच पाण्यात ढकलण्याची घाई होते. येथे एक सूक्ष्म धोका आहे. चाकाच्या तुंब्यातील बेअरिंगे घर्षणाने तापलेली असतात. समजा, आतील हवा ७० अंश सेल्सियस तापमानाची आहे आणि पाणी २५ अंशांचे. तुंबा पाण्यात बुडताच आतली हवा निवते आणि तिचे आकारमान सुमारे एक अष्टमांशाने आकसू पाहते. ती रिकामी होणारी जागा भरण्यासाठी बाहेरचे पाणी फटींतून आत शोषले जाते. पाण्याने वंगण खराब होते, पोलाद गंजते, आणि काही महिन्यांनी भर रस्त्यात चाक अडकते किंवा निखळते. त्या वेळी त्या अपघाताचा संबंध जलाशयाकाठच्या घाईशी कोणी जोडत नाही. म्हणून तुंबा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, आणि वेळच्या वेळी वंगण बदलावे.

उतारावरील अखेरची कसोटी

उतारावर ट्रेलर मागे घेणे नवशिक्यास गोंधळात टाकते, कारण मागे जाताना गाडी डावीकडे वळविली की ट्रेलर उजवीकडे वळतो. यावर सोपी युक्ती अशी की सुकाणूचक्र तळाशी धरावे; मग हात ज्या बाजूस न्यावा त्याच बाजूस ट्रेलर जातो.

सात मीटरांत एक मीटर उतरणाऱ्या घाटावर २००० किलोंच्या जोडगाडीस पाण्याकडे ओढणारे बल सुमारे २८० किलो भाराइतके असते. कोरड्या जमिनीवर ते टायरांना सहज पेलते. शेवाळलेल्या फरशीवर पेलेलच असे नाही. यास्तव उतार आधी पायी चालून पाहावा. हाताचा ब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांना लाकडाची किंवा दगडाची उटी लावावी. ट्रेलर व पाणी यांच्या मधोमध कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये. नाळेची साखळी पाण्याच्या कडेस पोहोचेपर्यंत सोडू नये, कारण ओल्या रुळांवरून होडी क्षणात घसरते.

पुढे काम आर्किमिडीजच्या तत्त्वाचे. पिछाडी पाण्यात शिरते, तिने सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो, आणि ट्रेलरवरचे ओझे पाहता पाहता उतरते. जिने चाळीस किलोमीटर चारशे किलोंनी रस्ता दाबला, ती होडी आता एका माणसाच्या हातच्या दोराने वळते.

होडी पाण्यात तरंगावी म्हणून तिच्या बांधणीत शेकडो वर्षांचा अनुभव ओतला गेला आहे. रस्त्यावर मात्र तिचा तोल तिला स्वतःला सांभाळता येत नाही. तो माल रचणाऱ्याने, दोर बांधणाऱ्याने आणि गाडी हाकणाऱ्याने सांभाळावयाचा असतो. पुराच्या रात्री छपरावर बसून जे लोक दिव्याच्या उजेडाची वाट पाहतात, त्यांच्यापर्यंत मदत पोहोचते की नाही, हे कित्येकदा निघताना आकड्यावरचा भार तोलून पाहिला होता की नाही यावरच ठरते.